हार्ट परत सुरू झालं, पण रक्त पोचलं का? कार्डिॲक अरेस्टनंतरच्या 'कूलिंग'ची गोष्ट

व्हॉट्सॲपवर असे व्हिडिओ सारखे फिरत असतात. कोणी लग्नात नाचता नाचता कोसळतो, कोणी जिममध्ये ट्रेडमिलवरून पडतो, आजूबाजूचे धावतात, एखादा जाणकार छाती दाबायला लागतो, मग ॲम्ब्युलन्स, हार्टला विजेचा शॉक, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं असतं "देव तारी त्याला कोण मारी". व्हिडिओ तिथे संपतो. खरी भानगड तिथून पुढे सुरू होते, कारण हार्ट चालू झालंय, मॉनिटरवर रेघ व्यवस्थित चाललीय, बीपीसुद्धा ठीक आहे, आणि तरी माणूस डोळे उघडत नाही. मग आयसीयूतून डॉक्टर बाहेर येऊन सांगतात की आम्ही बॉडीचं टेम्परेचर कंट्रोल करतोय. एका हॉस्पिटलात "कूलिंग करतोय" म्हणतात, दुसऱ्यात "आता तेवढं गार करत नाही" म्हणतात. बाहेर बाकड्यावर बसलेल्या नातेवाइकांनी मोबाइलवर शोधलं तर अर्धी पानं म्हणतात ३३ डिग्री सेल्सिअसवर ठेवा, अर्धी म्हणतात त्याने काही फरक पडत नाही. गंमत अशी की दोन्ही पानं आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या सालातली आहेत.

आधी एक गोंधळ मिटवू

हार्ट अटॅक आणि कार्डिॲक अरेस्ट एक नाही. अटॅकमध्ये हार्टला रक्त पुरवणारी एखादी नळी तुंबते, छातीत दुखतं, घाम फुटतो, पण बहुतेक वेळा माणूस बोलत असतो. अरेस्ट म्हणजे हार्ट पंप म्हणून बंदच पडणं. अटॅकमुळे अरेस्ट होऊ शकतो, पण तो इतरही कारणांनी होतो, शॉक लागून, बुडून, रक्तातलं पोटॅशियम बिघडून, जन्मापासून असलेल्या एखाद्या लय बिघडण्याच्या आजारातून.

अरेस्ट झाला की दहा-पंधरा सेकंदात शुद्ध जाते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के आहे पण ऑक्सिजन सुमारे २० टक्के खातो आणि साठा म्हणून काही ठेवत नाही, त्यामुळे चार-पाच मिनिटांतच पेशींचं नुकसान व्हायला लागतं. सीपीआरचा, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचा, सगळा आटापिटा ह्या मिनिटांसाठी असतो. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचं, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही. पुढे जे काही वाचाल त्यातल्या कुठल्याही मशीनपेक्षा ह्याची किंमत जास्त आहे, म्हणून आधीच लिहून टाकलं.

पंप चालू झाला, वरच्या मजल्यावर पाणी नाही

दोन दिवस पाणी बंद असलेली एखादी जुनी बिल्डिंग डोळ्यासमोर आणा. तिसऱ्या दिवशी खाली पंप चालू होतो, मेन लाइनचा प्रेशर गेज बरोबर काटा दाखवतो, वॉचमन म्हणतो पाणी आलं. पण चौथ्या मजल्यावरच्या बाई नळ सोडून उभ्या आहेत आणि नळ नुसता फुसफुसतोय. बारीक पाइपात कुठे हवा अडकलीय, कुठे गाळ बसलाय. आणि जिथे येतं तिथे पहिलं पाणी इतकं गढूळ की भांडी खराब होतात.

अरेस्टनंतर शरीरात जवळपास हेच होतं. मोठ्या रक्तवाहिन्यांमधून रक्त वाहायला लागतं, त्याचं प्रेशर आपण मोजतो, तेच ते बीपी. पण ऑक्सिजनची खरी देवाणघेवाण होते ती केशवाहिन्यांमध्ये. ह्या इतक्या बारीक असतात की साधारण सात-आठ मायक्रॉनच्या लाल पेशीला बऱ्याच ठिकाणी अंग चोरून, वाकून एकामागून एक जावं लागतं (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ह्या सगळ्यात बारीक जाळ्यातल्या वाहण्याला डॉक्टर मायक्रोसर्क्युलेशन म्हणतात, आपण सूक्ष्म रक्ताभिसरण म्हणू.

रक्त काही मिनिटं थांबलं की ह्या जाळ्यात बऱ्याच गोष्टी एकदम बिघडतात. केशवाहिनीचं आतलं अस्तर सुजतं, म्हणजे आधीच अरुंद असलेली जागा अजून अरुंद होते. पांढऱ्या पेशी त्या अस्तराला चिकटून बसतात. रक्त गोठवणारी यंत्रणा जागी होते पण गुठळ्या विरघळवणारी तेवढ्या जोमाने जागी होत नाही, त्यामुळे बारीक बारीक गुठळ्या तयार होतात. मेंदूत तर केशवाहिन्यांना बाहेरून मिठी मारून बसलेल्या पेरिसाइट नावाच्या पेशी असतात, त्या ऑक्सिजन तुटल्यावर आवळतात आणि आवळलेल्याच राहू शकतात.

ॲडेल्बर्ट एम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये सशांवर प्रयोग करून हे दाखवलं. मेंदूचा रक्तपुरवठा काही मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केला तरी मेंदूच्या काही भागांत रक्त परत शिरलंच नाही. ह्याला तेव्हापासून 'नो-रिफ्लो' म्हणतात. ही गोष्ट पन्नासहून जास्त वर्षं माहीत आहे आणि अजूनही त्यावर धड औषध नाही, हे मला ह्या सगळ्या विषयातलं सगळ्यात अस्वस्थ करणारं वाटतं.

आणि गढूळ पाण्याचं काय? तर जिथे रक्त परत पोचतं तिथेही पहिले काही तास धोक्याचेच असतात. ऑक्सिजन अचानक परत आला की उपाशी पेशींमध्ये फ्री रॅडिकल्स नावाचे आक्रमक रेणू तयार होतात, कॅल्शियम पेशीत घुसतं, पेशीची ऊर्जा बनवणारी केंद्रं कोलमडतात, सूज वाढते. म्हणजे नुकसानीचा एक हप्ता अरेस्टमध्ये आणि दुसरा अरेस्ट संपल्यावर. मेंदूत अजून एक विचित्र गोष्ट दिसते, हार्ट सुरू झाल्या झाल्या थोडा वेळ रक्ताचा लोंढा येतो आणि मग पुढचे कित्येक तास पुरवठा नेहमीपेक्षा कमीच राहतो, बीपी ठीक असलं तरी.

हे कोणी डोळ्याने बघितलंय का

बघितलंय, आणि जागाही मजेशीर आहे, जिभेखाली. पेनासारखा हातात धरायचा एक छोटा मायक्रोस्कोप असतो. लाळ पुसून घ्यायची, त्याचं टोक जिभेखालच्या नाजूक त्वचेवर अलगद टेकवायचं. अलगद हे महत्त्वाचं, कारण जरा जास्त दाबलं तर दाबामुळेच रक्त थांबतं आणि मग तुम्ही आजार नाही, स्वतःचा अंगठा मोजत बसता. हिरवा प्रकाश टाकतात, तो लाल पेशींमधलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, म्हणून स्क्रीनवर पेशी काळ्या दिसतात. निरोगी माणसात काळ्या ठिपक्यांच्या रांगा इतक्या वेगाने जातात की ठिपके वेगळे दिसतच नाहीत, नुसती सरकती रेघ दिसते. अरेस्टमधून परत आणलेल्या पेशंटमध्ये काही नळ्या तशाच वाहताना दिसतात, शेजारच्या नळीत ठिपके अडखळत जातात, एखादीत पुढे-मागे झुलत राहतात, एखादीत तर नुसते उभे. मग बघणारा माणूस स्क्रीनचे चार भाग करून प्रत्येकाला शून्य ते तीन असे मार्क देतो, शून्य म्हणजे बंद, तीन म्हणजे अखंड वाहतंय.

जिभेखाली जे दिसतं तेच मेंदूत चाललं असेल असं मात्र नाही. मेंदूचा स्वतःचा वेगळा बंदोबस्त असतो. पण एक गोष्ट ह्यातून पक्की कळते, बीपीचा आकडा चांगला असणं आणि केशवाहिनीत रक्त धावणं ह्या दोन वेगळ्या बातम्या आहेत.

मग ह्यात थंडी कुठून आली

पुरवठा वाढवता येत नसेल तर मागणी कमी करा, इतका साधा हिशोब आहे. शरीराचं तापमान एक डिग्री सेल्सिअसने उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी उतरते. ३७ वरून ३३ वर आणलं तर जवळपास पाव गरज कमी. शिवाय थंडीत ते फ्री रॅडिकल्स, सूज, पेशींची आत्महत्या हे सगळंच मंदावतं, निदान प्राण्यांवरच्या प्रयोगांत तरी हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

कल्पना जुनी आहे. टोरांटोमध्ये विल्फ्रेड बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांना गार करून हार्टची सर्जरी करता येईल का हे बघितलं, आणि १९५२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला गार करून तिच्या हार्टमधलं छिद्र उघड्या डोळ्यांनी बघून शिवलं. हार्ट-लंग मशीन तेव्हा रोजच्या वापरात आलेलंच नव्हतं. अरेस्टनंतरही कूलिंगचे प्रयत्न पन्नासच्या दशकात झाले, पण खूप खोल गार केल्यावर इन्फेक्शन, रक्तस्राव, हार्टची लय बिघडणं असे त्रास व्हायचे म्हणून ते मागे पडलं.

मग २००२ साल उजाडलं. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. युरोपातल्या अभ्यासात २७५ पेशंट होते, अर्ध्यांना २४ तास ३२ ते ३४ डिग्रीत ठेवलं. मेंदू चांगल्या स्थितीत राहून बरे झालेले गार गटात ५५ टक्के, दुसऱ्या गटात ३९ टक्के. मेलबर्नच्या अभ्यासात फक्त ७७ पेशंट, १२ तास ३३ डिग्री, तिथे ४९ विरुद्ध २६ टक्के. एवढा मोठा फरक आयसीयूच्या जगात क्वचित बघायला मिळतो. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सल्ला आला की अशा पेशंटना गार करा, आणि जगभर बर्फाच्या पिशव्या, थंड पाणी खेळवणाऱ्या गाद्या, अंगाला चिकटवायचे जेल पॅड, मांडीतल्या शिरेतून आत टाकायच्या कूलिंग नळ्या असा सगळा संसार उभा राहिला.

आपल्या घरच्या थर्मामीटरवर ३३ डिग्री म्हणजे ९१ फॅरनहाइट. हात लावला तर माणूस अक्षरशः गार लागतो. नातेवाईक घाबरतात ते साहजिक आहे.

अहो पण थंडीत तर रक्तवाहिन्या आवळतात ना?

हा प्रश्न विचारलात तर तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय पांढरे पडतात. रक्तही घट्ट होतं, एका डिग्रीला साधारण २ टक्के. बारीक नळीतून घट्ट द्रव ढकलणं अवघड, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. म्हणजे जिथे आधीच वाहत नाहीये तिथे आपण अजून अडथळा घालतोय की काय?

उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे. कूलिंग चालू असताना जिभेखाली बघितलं तर सूक्ष्म रक्ताभिसरण खरंच मंद दिसतं, गरम केल्यावर सुधारतं. पण सुधारणा गरम केल्यामुळे झाली की मधे एक-दोन दिवस गेले म्हणून झाली, हे कसं ओळखणार? त्यासाठी एका छोट्या अभ्यासात ३३ डिग्रीवाले आणि ३६ डिग्रीवाले पेशंट शेजारी शेजारी तपासले. दोघांतही सूक्ष्म रक्ताभिसरण बिघडलेलं होतं, पण तापमानामुळे असा खास फरक सापडला नाही. म्हणजे बिघाड मुख्यतः अरेस्टचा आहे, थंडीचा कमी. थंडीने जाळं फार बिघडत नाही, पण बंद नळ्या उघडतही नाहीत. मागणी कमी होते एवढंच. मला विचाराल तर पुढे जे घडलं त्याची अर्धी गुरुकिल्ली इथेच आहे.

एक भलताच व्यावहारिक अडथळाही आहे, हुडहुडी. शरीराला गार केलं की ते थरथरून स्वतःला तापवायला बघतं आणि थरथरण्यात ऑक्सिजन भरपूर जळतो, म्हणजे जे वाचवायला निघालो तेच खर्च. मग झोपेची औषधं, मॅग्नेशियम, कधी स्नायू पूर्ण शिथिल करणारी औषधं द्यावी लागतात. काही आयसीयूत तर पेशंटला आतून गार करत असताना वरून हातापायांना गरम हवेची चादर घालतात, म्हणजे त्वचेला वाटावं सगळं आलबेल आहे आणि थरथर थांबावी. बघणाऱ्याला वाटेल ह्यांना नक्की करायचंय काय!

आणि परत गरम करताना घाई चालत नाही. तासाला पाव ते अर्धा डिग्री, बस्स. कारण गार होताना पोटॅशियम पेशींच्या आत जातं आणि गरम होताना बाहेर येतं, घाईत आलं तर तेच हार्टची लय बिघडवू शकतं.

२०१३ आणि २०२१, दोन धक्के

निकलास निल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ९३९ पेशंटचा निकाल मांडला. अर्धे ३३ डिग्रीवर, अर्धे ३६ डिग्रीवर. शेवटी मृत्यू ५० टक्के आणि ४८ टक्के, म्हणजे काहीच फरक नाही. बऱ्याच लोकांनी म्हटलं की ३६ सुद्धा एक प्रकारचं कूलिंगच आहे, दोन्हीचा फायदा सारखा झाला असेल. मग २०२१ मध्ये त्याच मंडळींनी चौदा देशांत १९०० पेशंट घेतले. एका गटाला ३३ डिग्री, दुसऱ्याला मुद्दाम गार करायचंच नाही, फक्त ताप ३७.८ च्या पुढे जायला लागला की उतरवायचा. सहा महिन्यांनी मृत्यू परत ५० आणि ४८. आकडे इतके सारखे की कोणाला वाटावं जुनाच निकाल चुकून छापला. उलट गार गटात रक्तदाब ढासळवणारे हार्टच्या लयीचे त्रास जास्त, २४ टक्के विरुद्ध १७.

मधे २०१९ मध्ये फ्रान्समधून एक वेगळा सूर आला होता. ज्यांना शॉक देऊन उपयोग नसतो अशा प्रकारच्या अरेस्टमधले ५८१ पेशंट, त्यात ३३ डिग्रीवाल्यांपैकी १०.२ टक्के चांगल्या स्थितीत राहिले, ३७ वाल्यांपैकी ५.७. एकूण मृत्यूत मात्र फरक नाही. म्हणून काही आयसीयू अजूनही काही पेशंटना गार करतात आणि ते नियम मोडत नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये ३२ ते ३७.५ अशी ऐसपैस मर्यादा ठेवली, युरोपवाल्यांचा भर मात्र ताप येऊ न देण्यावर. दोघांचं एकमत एवढ्यावर आहे की बेशुद्ध पेशंट ३७.५-३७.७ च्या वर जाऊ द्यायचा नाही.

मग २००२ वाले खोटं बोलत होते का?

अजिबात नाही, पण त्यांचे अभ्यास कच्चे होते. मेलबर्नमध्ये कोणाला गार करायचं हे तारीख सम की विषम ह्यावर ठरायचं, त्यामुळे आज आलेला पेशंट कुठल्या गटात जाणार हे सगळ्यांना आधीच माहीत. आणि युरोपच्या अभ्यासात 'नेहमीची ट्रीटमेंट' म्हणून जो गट होता त्याचं तापमान कोणी आवरतच नव्हतं, त्यातले बरेच जण तापलेले होते. म्हणजे कदाचित तिथे थंडी जिंकली नसेल, ताप हरला असेल. शिवाय मधल्या काळात आयसीयूची एकूण देखभालच सुधारली.

पण ताप आवरल्याने जीव वाचतात हेही अजून चोख सिद्ध झालेलं नाही बरं का. ताप आलेल्यांचे निकाल वाईट असतात हे दिसतं, पण ताप हे कारण आहे की आधीच जास्त नुकसान झालेल्या मेंदूची खूण आहे? ताप येऊ न देण्यात धोका कमी आणि तर्क मजबूत म्हणून सगळे तसं करतात, आणि मला ते पटतंही. फक्त कोणी छातीठोकपणे "हे प्रूव्हन आहे" म्हणालं तर जरा थांबून ऐकावं.

दुसरा मुद्दा वेळेचा. उंदराला गार करायला काही मिनिटं लागतात. सत्तर किलोच्या माणसाला अरेस्टनंतर हॉस्पिटलात आणून, ॲन्जिओग्राफी करून, मग गार करेपर्यंत तासनतास जातात आणि तोवर पहिला लोंढा, फ्री रॅडिकल्स, सूज सगळं होऊन गेलेलं असतं. मग ॲम्ब्युलन्समध्येच गार सलाइन द्या की! तेही करून झालं. अमेरिकेत सिएटलच्या भागात १३५९ पेशंटपैकी निम्म्यांना रस्त्यातच चार डिग्रीचं सलाइन दिलं, निकाल २०१४ मध्ये आला, फायदा शून्य, उलट हार्ट पुन्हा बंद पडण्याचं आणि फुप्फुसात पाणी साचण्याचं प्रमाण वाढलं. थंडी लवकर हवी हे खरं, पण दोन लिटर पाणी नुकत्याच उठलेल्या हार्टवर लादून नाही.

ती बर्फाखालची डॉक्टर कशी वाचली मग?

हा प्रश्न येतोच. मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ ॲना बोगेनहोम ही स्वीडिश डॉक्टर स्कीइंग करताना गोठलेल्या ओढ्यात बर्फाखाली अडकली. एकूण ८० मिनिटं पाण्यात. तापमान १३.७ डिग्रीपर्यंत उतरलं. ट्रॉम्सोच्या हॉस्पिटलात हार्ट-लंग मशीन लावून हळूहळू गरम केली आणि ती वाचली, नंतर परत डॉक्टर म्हणून कामाला लागली.

फरक इथे आहे. तिला बर्फाखाली हवेचा एक कप्पा सापडला होता, सुमारे ४० मिनिटं ती शुद्धीवर होती, म्हणजे हार्ट बंद पडलं तोवर मेंदू पुरता गार झालेला होता. मागणी आधी पडली, पुरवठा नंतर. जिममध्ये कोसळणाऱ्या माणसाचं नेमकं उलटं होतं, ३७ डिग्रीवर पुरवठा तुटतो आणि मागणी कमी करायला आपण तीन-चार तासांनी पोचतो.

बीपी वाढवा, नाहीतर गुठळ्या विरघळवा!

घरातल्या इंजिनिअर भाच्याचा हमखास प्रश्न. नळ्या तुंबल्यात तर प्रेशर वाढवा. डेन्मार्कमध्ये ७८९ पेशंटमध्ये हे करून बघितलं, सरासरी दाब एका गटात ६३ आणि दुसऱ्यात ७७ ठेवला, २०२२ च्या निकालात फरक दिसला नाही. बरं, गुठळ्या विरघळवणारं इंजेक्शन सीपीआर चालू असतानाच द्यायचं? २००८ मध्ये १०५० पेशंटच्या अभ्यासात तेही झालं, जीव वाचण्यात फायदा नाही आणि मेंदूतला रक्तस्राव जास्त. कारण अडथळा नुसत्या गुठळ्यांचा नाही, सुजलेलं अस्तर, आवळलेल्या पेरिसाइट, चिकटलेल्या पांढऱ्या पेशी असा सगळा मामला आहे, आणि एका किल्लीने चार कुलपं उघडत नाहीत.

एक गोष्ट मात्र आयसीयूत रोज सांभाळली जाते आणि तिचा बारीक रक्तवाहिन्यांशी थेट संबंध आहे, ती म्हणजे व्हेंटिलेटर. श्वास गरजेपेक्षा जोरात दिला तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आवळतात. म्हणून तो नॉर्मल ठेवतात, ऑक्सिजनही अतोनात देत नाहीत, साधारण ९४ ते ९८ टक्के.

नवजात बाळांचं गणित वेगळं, आणि आपल्याकडचं अजून वेगळं

जन्माच्या वेळी गुदमरलेल्या बाळांना सहा तासांच्या आत गार करून ७२ तास साधारण ३३.५ डिग्रीवर ठेवणं हे श्रीमंत देशांत पक्कं रुळलंय, आणि तिथे त्याचा फायदा खराच आहे. म्हणून मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात हॉस्पिटलांत ४०८ बाळांवर अभ्यास झाला, हेलिक्स नावाचा, त्यात मुंबईचं सायन हॉस्पिटलही होतं. २०२१ चा निकाल अंगावर येणारा होता, गार केलेल्या बाळांत मृत्यू ४२ टक्के, न केलेल्यांत ३१. कारणांवर वाद आहे. एक अंदाज असा की आपल्याकडच्या बऱ्याच बाळांना इजा प्रसूतीच्या आधीपासूनच होत असते, त्यामुळे सहा तासांची मुदत जन्माच्या घड्याळावर मोजून उपयोग नाही. पण तिकडे चालतं म्हणून इकडेही चालेल असं धरून न चालता आपल्याच पेशंटमध्ये तपासून बघितलं, हे फार बरं झालं.

तुमचं माणूस आत असेल तर

"आमच्या पेशंटला गार केलं नाही, म्हणजे दुर्लक्ष झालं का?" नाही. आज गार न करता ताप आवरणं ही पूर्ण मान्य पद्धत आहे. विचारायचंच असेल तर असं विचारा की टेम्परेचरचं टार्गेट काय ठेवलंय, आणि ते कुठून मोजताय. काखेतलं थर्मामीटर इथे कामाचं नाही, अन्ननलिकेतला किंवा लघवीच्या नळीतला सेन्सर लागतो. आणि पॅरासिटामॉलवर हा ताप बऱ्याचदा आटोक्यात येत नाही, बाहेरून कूलिंगचं मशीन लागू शकतं, त्यामुळे मशीन दिसलं म्हणजे ३३ डिग्रीच चाललंय असं समजू नका.

हातपाय गार लागले, नखं निळसर दिसली तर रक्त पोचतच नाहीये का? नर्स बोटाचं टोक दाबून सोडते आणि रंग परत यायला किती सेकंद लागतात बघते, तीनपेक्षा जास्त लागले तर काळजी. ही सूक्ष्म रक्ताभिसरणाची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे, फुकटच म्हणा ना. पण कूलिंग चालू असेल तर थंडीनेच त्वचेच्या नळ्या आवळलेल्या असतात, तेव्हा ही खूण फसवते. मग लघवी किती होतेय, रक्तातलं लॅक्टेट उतरतंय का हे जास्त सांगतं. लॅक्टेट म्हणजे ऑक्सिजन कमी पडला की पेशी जे आम्ल सोडतात ते.

जे शॉक दिल्यावर लगेच शुद्धीवर येतात, बोलायला लागतात, त्यांना ह्यातलं काहीच लागत नाही. हे सगळं बेशुद्ध राहिलेल्यांसाठी. आणि कृपया घरी किंवा ॲम्ब्युलन्समध्ये कोणाच्या अंगावर बर्फ ठेवू नका, तेवढा वेळ छाती दाबा आणि १०८ लावा.

आणि "कधी शुद्धीवर येतील" ह्याचं उत्तर डॉक्टर पहिल्या दिवशी टाळतात, तेव्हा ते लपवत असतात असं नाही. झोपेची औषधं थंडीत शरीरातून हळू बाहेर पडतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशीही पेशंट गाढ दिसू शकतो आणि त्यात मेंदूचा दोष किती आणि औषधाचा किती हे कळत नाही. म्हणून निदान ७२ तास थांबून, तापमान नॉर्मल झाल्यावर, औषधं उतरल्यावर मग डोळ्यांच्या बाहुल्यांची हालचाल, ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद), एमआरआय, रक्तातल्या काही तपासण्या असं दोन-तीन बाजूंनी एकत्र बघून अंदाज बांधतात, एकाच रिपोर्टवर नाही. त्याच्या आधी कोणी "काही उरलं नाही, घरी न्या" म्हणत असेल तर झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.